अर्ज लिहून देणाऱ्या काकांना

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

नाव मुद्दाम लिहीत नाही. तालुका कचेरीबाहेर टेबल टाकून मराठी-कानडी दोन्हींत अर्ज लिहून देणारे काका एवढं पुरे. समोर आभार मानले असते तर "चहा घे की आधी" म्हणून तुम्ही विषयच संपवला असता, म्हणून हे चारचौघांत.

मी दिवसा बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आणि रात्री हौशी प्रोग्रामर. हौशी माणसाकडे कल्पनांचा तोटा नसतो. खर्चाचं ॲप, भिशीचं ॲप, व्यायामाचं ॲप, म्हणजे जगात आधीच ढीगभर पडलेलं सगळं माझ्या वहीत होतं. तुम्ही ती चाळलीत, बाजूला ठेवलीत आणि स्वतःची पुढे केलीत. तुमच्या टेबलावर रोज काय अडतं, ते तिच्यात होतं.

पहिलं पान जमिनीचं. एका घराची एक पट्टी इकडे कर्नाटकातल्या खानापुरात आणि दुसरी तिकडे महाराष्ट्रातल्या चंदगडात, हे आपल्याकडे काही नवल नाही. इकडच्या उताऱ्यावर एकर-गुंठे, तिकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. वाटणीचा कागद करताना दोन्ही जुळवायचे. त्यात लोक १ एकर ३० गुंठ्याला १.३० लिहितात आणि संगणक ते निमूटपणे सव्वा एकराच्या जरा वर धरतो. एकरात ४० गुंठे, म्हणजे ते पावणेदोन एकर! १-३० आणि २-२५ मिळून ४-१५ होतात, ३.५५ नव्हे. तुम्ही एका जुन्या अर्जाच्या पाठीवर आणे मांडलेत: गुंठ्यात १६, एकरात ६४०. मी प्रोग्रामात तेच उचललं. इकडचं क्षेत्र आत आण्यांत, तिकडचं चौरस मीटरात, दोन्ही पूर्णांकात. दशांश चिन्हाला आत थारा नाही. रूपांतर फक्त दाखवताना: १-३० किंवा ० हेक्टर ७०.८२ आर. आकडे कसे साठवावेत याचे धडे मी बरेच वाचलेत, पण इतका चोख एकही नव्हता.

दुसरं पान नावांचं, आणि माझं सगळ्यात लाडकं. मराठीत लिहिलेलं नाव कानडी लिपीत हवं. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी आणि कानडी या दोन्हींची मांडणी जुन्या भारतीय 'इस्की' पद्धतीवर बेतलेली, त्यामुळे अक्षरं एकाच क्रमाने बसलीत. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५, कानडी 'क'चा ३२२१. फरक ८९६. 'ळ'ला, काना-मात्रेला, अनुस्वाराला, हलन्तालासुद्धा तोच. प्रत्येक अक्षरात ८९६ मिळवले की लिपी बदलते! काम चार ओळींचं.

तुम्ही कागद पाहिलात आणि पहिल्याच नावावर बोट ठेवलंत. कानडीत ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए' वेगळे, 'ओ'चंही तसंच. मराठीत तो भेद लिहून दाखवतच नाहीत. त्यामुळे 'बेळगावी' नुसतं ८९६ मिळवून लिहिलं तर 'बे' दीर्घ होतो, कानडीत तो ऱ्हस्व आहे. 'कॅम्प'मधल्या चंद्राला तर समोर जागाच नाही, बेरीज रिकाम्या क्रमांकावर जाऊन पडते. हे गणिताने सुटण्यातलं नाही. त्याला दोन्ही भाषा कानात असलेला माणूस लागतो. तुम्ही हाताने गावांची आणि आडनावांची यादी काढून दिलीत. आता प्रोग्राम आधी तुमची यादी पाहतो, तिथे सापडलं नाही तरच ८९६ कडे वळतो आणि तो शब्द पिवळा करतो, म्हणजे तुमची नजर पडल्याशिवाय कागद छापायला जात नाही. यादी 'एसक्यूलाइट' या डेटाबेसमध्ये आहे. त्यात सगळा विदा एकाच फायलीत राहतो, तेव्हा पेनड्राइव्हवर तेवढी एक फाइल उचलली की झालं. इंटरनेट लागत नाही. कचेरीच्या बाहेर त्याचा भरवसा किती, ते तुम्हीच जाणता.

पैशांचं बोललात तेव्हा मी हसलो होतो. खरं म्हणजे फी मीच द्यायला हवी होती.

तुमच्या वहीतलं तिसरं पान, 'नुडी' या कानडी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले जुने कानडी मसुदे युनिकोडमध्ये आणायचं, अवघड आहे. नमुन्याला पाच-सहा फायली काढून ठेवा, सोबत त्यांचे छापील कागदही, म्हणजे कुठलं अक्षर कशाचं झालंय ते ताडून बघता येईल. भिशीचं ॲप मात्र कायमचं रद्द. काकी म्हणतात तेच बरोबर, त्यांच्या पाठकोऱ्या डायरीत हिशेब जास्त लवकर सापडतो.

तुमचा,
उद्यमबागेतला पुतण्या