चाचा, गिनती आईकडेच आहे

चाचा, सलाम.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे नातीकडून वाचून घ्या. तिला सांगा, सावकाश वाच.

आमच्या वाड्याच्या कमानीला तडा गेला तेव्हा पहिल्या गुत्तेदाराने त्यात सिमेंट कोंबलं. ओल बाहेर पडायला वाटच राहिली नाही. आतला जुना चुना भुसभुशीत झाला आणि गेल्या पावसाळ्यात अर्धी कमान ओसरीसमोर येऊन पडली. मग एका कार्यालयात चकरा. तिथले साहेब म्हणाले, "पडलीच आहे तर स्लॅब टाका की!" ५२ दरवाजांचं शहर म्हणून मिरवायचं आणि वर हा सल्ला. मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा कोणत्या स्लॅबवर उभा आहे, हे अगदी ओठावर आलं होतं. काम अडलेलं, म्हणून गिळलं.

मग मिस्त्री म्हणून तुम्ही आलात आणि पडलेला एक दगड कुणाला हलवू दिला नाहीत. चुन्याने एकेकावर आकडा घातलात, तोही उर्दूत. ओसरीवर आई बसलेली. वय ८६, निजामाच्या राज्यात दोन-तीन इयत्ता उर्दूत शिकलेली. तिने तिथूनच वाचलं, "सत्तावीस." तुम्ही थबकलात. वही-पेन्सिल तिच्या मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, "अम्मा, गिनती अब तुम्हारे पास."

बाबा गेल्यापासून तिला कुणी काही काम सांगितलं नव्हतं. "तू बस, आराम कर," हे आम्हीच म्हणायचो, तेही मायेने. दुसऱ्या दिवसापासून ती आंघोळ करून वही घेऊन बसायला लागली. चुना मुरत होता, सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, चाळून होत होती, गूळ-बेलफळाचं पाणी तयार होत होतं, आणि ही रोज दगड मोजत होती. एक कमी भरला तेव्हा तुम्हाला तुळशीमागे शोधायला तिनेच पाठवलं. तुम्ही गेलातही, मुकाट्याने.

कारागिरी तर तुमच्याकडे आहेच. पण म्हाताऱ्या माणसाला आणि म्हाताऱ्या भिंतीला एकाच हाताने जपणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

वही तिने अजून दिलेली नाही. काल म्हणाली, "मिस्त्रीला सांग, एकोणीस आणि विसामधली दरज नीट भरली नाही, येऊन बघ म्हणावं." मला तरी सगळं नीट दिसतंय. पण तुम्ही या.

तुमचा,
वाड्यातला धाकटा