घोळक्याचा निकाल आणि कायद्याचा

महोदय,

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो. कापूस वेचून बाया दिवेलागणीला त्याच्या कडेनेच परततात, दुसरी वाट नसते. कुणाला गाडीने उडवले की घोळका जमतो आणि निकालही तिथेच लागतो : ‘अचानक आडवी आली.’ गाडी महागडी असली तर जरा लवकरच लागतो!

कायदा असा नाही. अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या दावा न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. पायी चालणाऱ्याचीही थोडी चूक निघाली तर दावा बुडत नाही, तेवढ्या टक्क्यांनी भरपाई कमी होते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. गाडी पळून गेली तर सरकारी योजनेतून 2 लाख व 50 हजार.

खरी मेख पंचनाम्यात आहे. ब्रेकचे काळे पट्टे कुठून सुरू झाले, काचा डांबरावर पडल्या की कडेच्या मुरुमावर, यावरून कोण कुणाच्या वाटेत आले ते बरेचसे कळते. मागून चार ट्रक गेले की हे सारे पुसले जाते. पंच म्हणून सही करायला लोक कचरतात. कोर्टाच्या चकरा कोणाला हव्यात? पण जखमीला दवाखान्यात रवाना केल्यावर मोबाइलवर फोटो काढायला काय हरकत आहे?

आणि घरच्यांनी तेरवी आटोपताच ठाण्यातून एफआयआर व पंचनाम्याची नक्कल मागावी. कायद्याने दाव्याला 6 महिन्यांचीच मुदत घातली आहे.

– एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)