विमा नसला तरी साधने मोफत

संपादक महोदय,
आरोग्य विम्यात गर्भनिरोधनाचा खर्च सहसा मिळत नाही, म्हणून कित्येक जोडपी साधनच टाळतात. सरकारी आरोग्य केंद्रात निरोध, छाया गोळी, अंतरा इंजेक्शन, तांबी मोफत आहे. घोळ होतो तो छायाचा. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, मग 3 महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, पुढे आठवड्याला एकच. ही रोजची गोळी नव्हे! चुकली तर आठवताच घ्यावी, पुढच्या पाळीपर्यंत निरोध वापरावा. 7 दिवस उलटले तर पुन्हा दोनदापासून सुरुवात. अंतरा दर 3 महिन्यांनी. तांबी 380-ए 10 वर्षे चालते; बेताच्या मिळकतीत आम्ही तीच सुचवू. पुरुष नसबंदीनंतरही 3 महिने, वीर्यतपासणी होईपर्यंत, निरोध हवाच.
— दोन आरोग्यसेविका, कोल्हापूर