बाबा बारटेंडर झाले

बडोदे, दांडिया बाजार

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू जुन्या लॅपटॉपवर घालून गेलास तो 'वॅलहॅला' हा बारटेंडरचा गेम मी रोज रात्री जेवणानंतर खेळतो. १९६० पासून दारूबंदी असलेल्या गुजरातेत तुझा बाप गिऱ्हाइकांना ग्लास भरून देतोय. आईने हे शेजारच्या काकूंना सांगितलं, तर त्यांनी परमिट आहे का म्हणून विचारलं!

मारामारी नाही, पळापळ नाही, नुसतं वाचायचं, हे मला मानवलं. इंग्रजी मजकूर माझ्या वेगाने वाचता येतो, बटण दाबेपर्यंत ओळ थांबून राहते. असल्या गेममध्ये काय बोलायचं ते आपण निवडतो असं तू म्हणाला होतास. इथे तसं नाही. गेममधली बारटेंडर जिल आपल्या मनाचंच बोलते, आपल्या हातात फक्त पेला. कोणी नाव घेऊन मागतो, कोणी नुसतं 'काहीतरी गोड दे' म्हणतो. कारमोट्रिन, म्हणजे गेममधली दारू, थोडं जास्त पडलं की माणूस सैल होतो आणि एरवी न सांगितलेलं बोलून जातो. वर जिलला घरभाडं भरायचंय. गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात हेच चालू असतं, ते बरोबर पकडलंय.

पण मी अडकलो चित्रांपाशी. ती जपानच्या पीसी-९८ या जुन्या संगणकाच्या धाटणीची आहेत असं तू म्हणालास, म्हणून त्याची माहिती काढली. एनईसी कंपनीचं ते मशीन १९८२ चं. जपानी लिपीतली किचकट कांजी अक्षरं नीट वाचता यावीत म्हणून पडदा बारीक, ६४० बाय ४०० ठिपक्यांचा. रंग मात्र पुढच्या बऱ्याच मॉडेलांतही ४०९६ पैकी एका वेळी सोळाच. मग गालावरची सावली आणायची कुठून? दोन रंगांचे ठिपके शेजारीशेजारी मांडून. आमच्या छापखान्यात हाफटोनच्या प्लेटवर भिंग धरून मी जन्मभर हेच पाहिलं. फरक एवढाच की आमचा ठिपका लहानमोठा व्हायचा. त्यांचे सगळे सारख्याच मापाचे, त्यामुळे ते कुठे दाट, कुठे विरळ मांडायचे एवढंच चित्रकाराच्या हाती. हे काम अवघड आहे, मी सांगतो.

'वॅलहॅला' २०१६ चा, व्हेनेझुएलातल्या सुकेबान गेम्सचा. त्यांना रंगांची टंचाई नव्हती, त्यांनी ती आवडीने ओढवून घेतली. तिथे ते शोभलं. पण आजकाल फोटोवर फिल्टर मारून 'रेट्रो' म्हणतात ते मला पटत नाही. त्यात कोणी काही ठरवलेलंच नसतं.

तुमच्या गेमसाठी इथल्या मांडवी दरवाजाचं चित्र करतोयस ना? मग सोळा रंग आधी कागदावर लिही आणि सतराव्याला हात लावू नकोस. संध्याकाळच्या आकाशाला तीनपेक्षा जास्त देऊ नकोस, नाहीतर कमानीखालच्या काळोखाला काही उरणार नाही. फेरीवाल्यांच्या हातगाड्यांवरचे दिवे आकाशाच्याच पिवळ्यात बसव.

आई विचारते, गेममध्ये शेवभाजी मिळणार की नाही. तिला तूच उत्तर दे.

चित्र झालं की मूळ फाइल ईमेलने पाठव, व्हॉट्सॲपवर नको. त्यात फोटो म्हणून पाठवलं की फाइल दाबली जाते, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि मग मला काहीच तपासता येत नाही.

तुझे,
बाबा