काजळी दारूची की जाळाची?

वरणगाव,
१४ डिसेंबर

प्रिय दिलीप,

पत्र मिळालं, फोटोही पाहिले. गॅरेजमध्ये तू घरीच काडतुसं भरतोस, ती झाडल्यावर त्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या काळ्या निघतात, धूर होतो आणि बंदुकीच्या नळीत शिसं बसतं, ही तुझी तक्रार कळली. त्या काळ्याकुट्ट पुंगळ्या बघून हिने विचारलं, "भाऊजींनी ॲरिझोनात चूल मांडली का हो?"

हसलो, पण बाई बरोबरच बोलली. गेल्या रविवारी मळ्यात भरिताचा बेत होता. वांगी बामणोदची, हिरवी, हातभर लांब. गड्याने रात्रीच्या दवात भिजलेल्या तुराट्याच चुलखंडात कोंबल्या. डोळ्यांतून पाणी, वांग्यांवर काजळी, आत गर कच्चाच. मग शेडमधल्या वाळक्या तुराट्या आणल्या, जाळ भडकला आणि धूर कुठल्या कुठे पळाला. तेव्हाच तुझी ३८ स्पेशल काडतुसं आठवली.

तू लिहितोस, बंदुकीच्या दारूचा डबाच घाण निघाला. डब्याचं नावही लिहिलंस, ते मी पुन्हा लिहीत नाही. पण मला सांग, हीच दारू ९ एमएमच्या काडतुसात भरतोस तेव्हा पुंगळी स्वच्छ येते ना? तुझ्याच पत्रात आहे ते. बिनधुराच्या दारूला दाब मिळाला की तिचा जाळ वाढतो, जाळ वाढला की दाब आणखी चढतो. ९ एमएमच्या दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), तुझ्या ३८ची अवघी १७,०००. त्यात तू मनगट दुखतं म्हणून काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या सगळ्यात हलक्या मापाने भरतोस. सावकाश जळणारी दारू एवढ्याशा दाबात धुमसणारच. नळीत ते पिवळट, अर्धवट जळालेले कण सापडतात, ते त्याचेच. बाहेरची काजळीही तशीच आलेली: दाब पुरेसा असला तर पितळ फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीला, घट्ट बसतं, नाहीतर फटीतून वायू मागे येतो आणि पुंगळी माखतो.

म्हणून हलक्या बाराला झटकन जळणारी दारू. गोळीभोवती तोंडही नीट आवळ, म्हणजे दारू पेटेपर्यंत गोळी जागची हलणार नाही. मात्र काजळी जावी म्हणून पुस्तकातल्या वरच्या मापापलीकडे एक कणही चढवू नकोस. आणि ९ एमएममध्ये गोळी नेहमीपेक्षा खोल बसली तरी दाब झपाट्याने चढतो, तिथे "थोडंसं आत गेली, चालतंय" हा आपला खानदेशी हिशोब नको.

धुराचं म्हणशील तर तो सगळा दारूचा नाही. तू ओतीव शिशाच्या गोळ्या वापरतोस, त्यांच्या खाचेतलं मेणासारखं वंगणही जळतं. रंगाचा थर दिलेल्या गोळ्या घेऊन बघ, निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

शिशाचं प्रकरण मात्र वेगळं. नळीच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, ते चकाकणारे पापुद्रे बसलेत ना, ते दारू बदलून जाणार नाहीत. तू लगेच कडक शिसं मागवायला निघालास! आधी नळी मोज. मऊ शिशाची एक गोळी, थोडं तेल लावून, रिकाम्या पिस्तुलाच्या नळीतून हलक्या हाताने ठोकत पलीकडे काढ आणि मायक्रोमीटर लाव. तू झाडतोस ती गोळी त्या मापापेक्षा इंचाचा एक हजारांश जाड हवी. बारीक असली तर गरम वायू तिच्या कडेने घुसतो, शिसं वितळवतो आणि ते आट्यांना चिकटतं. मग गोळी कितीही कडक असो, काही उपयोग नाही. साचलेलं काढायला निव्वळ तांब्याची घासणी सोडवून ब्रशला गुंडाळ आणि चार-सहा वेळा फिरव. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडचा उपाय कुणी सांगितला तर नको, त्यातून शिशाचा विषारी क्षार तयार होतो. हात गार पाण्याने आणि साबणाने धुवायचे, मगच जेवायला बसायचं.

आता मुद्द्याचं. झटकन जळणारी दारू घे म्हणालो खरा, पण तिच्यात एक मेख आहे. ३८ची पुंगळी काळ्या दारूच्या काळातल्या मापाची, म्हणून ऐसपैस. त्यात ही दारू तळाला चिमूटभर दिसते. चुकून दोनदा पडली तरी मावते आणि वरून गोळी सुखात बसते. पुढचा बार हातात पिस्तूल ठेवेल की नाही सांगता येत नाही. आणि लक्ष कसं उडतं हे मला विचार. मागच्या खेपेला तुझ्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायच्या यंत्राची तरफ माझ्या हातात होती, घरून फोन आला, केळीच्या पिलबागेत पाणी सोडायचं का म्हणून. तेवढ्यात एक पुंगळी दारूविना कोरडीच पुढे गेली. दुसऱ्या दिवशी रेंजवर "ठो"च्या जागी नुसतं "फट्" झालं. तू पुन्हा घोडा ओढणार तोच मी तुझं मनगट धरलं. पुंगळीच्या बुडाला दारू पेटवणारी टिकली असते, नुसत्या तिच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन रुतली होती. पितळी गज घालून ती काढताना तू एक शब्द बोलला नाहीस, पण मी रात्रभर जागा होतो.

तेव्हापासून माझं मत असं: थोडी काजळी परवडली, पण दारू फुगीर हवी. पुंगळी निम्म्याहून जास्त भरेल अशी, म्हणजे दुसऱ्यांदा पडली तर काठावरून सांडेल. ट्रेल बॉस नावाची एक निघायची, मधोमध भोक असलेल्या बारक्या चकत्यांची, ती याच कामासाठी काढलेली. पन्नास पुंगळ्या लाकडी फळीत उभ्या करायच्या, बॅटरीच्या उजेडात एकेकीत डोकावायचं, मगच गोळ्या बसवायच्या. फोन दुसऱ्या खोलीत.

मी पस्तीस वर्षं इथल्या काडतुसांच्या फॅक्टरीत काढली, पण आतलं काही लिहायचं नसतं आणि लिहीतही नाही. वर लिहिलंय ते सगळं तुझ्याच गॅरेजमधलं आणि तुझ्याच पुस्तकांतलं. इथे परवान्याशिवाय असं टेबल मांडलं तर पोलीस सकाळचा चहाही घेऊ देणार नाहीत.

नळीचं माप कळव. फेब्रुवारीत येशील तेव्हा त्या तांब्याच्या घासण्या चार-दोन आण. भुसावळच्या बाजारातून तांब्याच्या म्हणून आणल्या त्यांना लोहचुंबक चिकटतं.

तुझा,
वसंता