पक्या, आडनावाचं काय करू?

पक्या,

तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो तेवढंच. फोनवर सांगितलं असतं तर तू नुसता हसला असतास म्हणून लिहितोय.

प्रकाशकांचं म्हणणं, कव्हरवर आडनाव मोठ्ठं छापू आणि मागे 'अण्णांचे चुलत बंधू' टाकू. अण्णा म्हणजे आपलाच, ज्याच्या सत्कारात तू पहिल्या रांगेत घोरलास. त्याच्या खोदकामांचा आणि माझ्या कादंबरीचा संबंध काय?

तो मुसिल आठवतोय ना, 'द मॅन विदाउट क्वालिटीज'वाला, तुझ्या गळ्यात मारलेला ठोकळा? ऑस्ट्रियन कादंबरीकार रॉबर्ट मुसिल. त्याचाही एक चुलतचुलत भाऊ होता, आलोईस, मोराव्हियातल्या शेतकऱ्याचा पोरगा, पाद्री झाला आणि उंटावरून अरबस्तान पालथं घातलं. १८९८ ला आताच्या जॉर्डनमधल्या वाळवंटात कुसैर अम्रा शोधलं, उमय्या खलिफांच्या काळातलं हमाम, भिंतींवर अंघोळ करणाऱ्या बायका रंगवलेल्या! व्हिएन्नातल्या विद्वानांना पटेना, मग १९०१ ला चित्रकारच सोबत नेला. वाळवंटातले भटके बेदूइन आलोईसला शेख मूसा म्हणायचे. इकडे रॉबर्टची पहिली कादंबरी १९०६ ची, गाजली पण, आणि मोठीचा पहिला खंड यायला १९३० उजाडलं, १९४२ ला जिनिव्हात गेला तेव्हाही ती अपुरीच. म्हणजे माझ्यापेक्षा स्लो कोणीतरी होतं, हे तुला मुद्दाम सांगतोय.

आडनावाची तर अजून मजा. रॉबर्टच्या वडिलांना १९१७ ला नावापुढे लावायला 'एडलर फॉन' ही सरदारकीची पदवी मिळाली आणि १९१९ ला ऑस्ट्रियाने सगळ्यांचीच सरदारकी रद्द केली, थाट जेमतेम दोन वर्षांचा. आणि त्या ठोकळ्यातल्या नायकाचं, उलरिकचं, आडनाव रॉबर्ट सांगतच नाही, का तर म्हणे वडिलांचा मान राखायला! हे वाचल्यापासून डोक्यात घोळतंय, मीपण नुसत्या नावाने छापावं का? पण मग आई म्हणणार बापाच्या नावाची लाज वाटते का, काका बोलणं टाकणार, आणि अण्णा मोठ्या मनाने 'असू दे रे' म्हणेल, तेच जास्त झोंबेल. आडनाव ठेवलं तर लोक पुस्तकात अण्णाच शोधत बसणार. कॉलेजच्या पोस्टरवरून नाव गाळलं तेव्हा केवढा बोंबललास, असं म्हणशील. हो बोंबललो, कारण ते तूच गाळलं होतंस!

शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तू सांगशील तेच करीन असं नाही, तरी सांग.

चिनूचे मार्क कळले, शाब्बास म्हणून सांग. फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार. आणि तो ठोकळा कुरिअरने परत पाठव, नाहीतरी तू उघडणार नाहीस.

तुझा,
बाळ्या