ग्रॉस की नेट, तेवढं तरी छापा

महोदय,

परवा एसटीत दोन कॉलेजकुमार हमरीतुमरीवर आले. विषय : कुणाच्या हिरोने पहिल्या तीन दिवसांत जास्त कोटी जमवले. एक ग्रॉस सांगत होता, दुसरा नेट. म्हणजे शंभरावरच्या तिकिटातला १८ टक्के जीएसटी एकाने धरलेला, दुसऱ्याने वजा केलेला. भांडण मिटणार कसं?

मी एकपडदा थिएटरात बुकिंग क्लार्क होतो. १५ जून २००१ ला 'लगान' आणि 'गदर' एकाच दिवशी आले. आमच्याकडे 'गदर' लागला. खिडकीच्या भोकातून एका वेळी तीन-तीन हात आत यायचे. रात्री घामाने ओल्या, चुरगळलेल्या नोटा सरळ करता करता बोटं काळी व्हायची. मग सीटप्लॅनवरच्या लाल रेघा मोजून डीसीआर, म्हणजे रोजच्या गल्ल्याचा तक्ता, भरायचा. तिकिटं 'गदर'ची जास्त खपली, ऑस्करच्या नामांकनात 'लगान' गेला. चालले दोन्ही. (मी 'लगान' पाहून आलो, मालकाला न सांगता!)

आपल्या अंकात गल्ल्याचे आकडे देताना ग्रॉस की नेट एवढं तरी छापावं. जमल्यास तिकिटं किती खपली तेही.

— एक निवृत्त बुकिंग क्लार्क, मिरज